जांभळ्या मुठीचा डाव

सोमवार, १४ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. आमच्याकडून टपाल आलेलं बघून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, इथे सगळे ठणठणीत आहेत. मिरी ठणठणीत आहे. तुमचे बंधुराज तर इतके ठणठणीत आहेत की परवाच पाण्याच्या बाटलीवरून एका अनोळखी माणसाशी भांडून आले. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, आणि मला खूप बोलायचंय. सोबतचं पार्सल मात्र लगेच उघडू नका. आधी पत्र वाचा, अगदी शेवटपर्यंत. मधेच शेवटचं पान बघायची तुमची सवय मला ठाऊक आहे.

तर झालं असं की यांच्या लिफ्ट कंपनीने सगळ्या मेकॅनिकांना बायकामुलांसकट त्या मोठ्या पार्कची फुकट तिकिटं वाटली. मिरी दोन दिवस झोपली नाही. नऊ वर्षांची झाली आता, माझ्या खांद्याला लागते, पण उत्साहात आली की अजून तुम्ही नाव ठेवलं होतंत तशीच, एवढीशी मिरी आणि ठसका केवढा!

काय सांगू वन्सं तुम्हाला, डोळे फाटले माझे. एक पाळणा तर आमच्या बिल्डिंगच्या दुप्पट उंच. माणसं उलटी लटकून किंचाळत होती आणि खाली उतरली की परत रांगेत! मी ‘अगं बाई, अगं बाई’ करत बसले. बंधुराजांचं तिसरंच. ते मान वर करून केबल आणि बोल्ट तपासत होते. तिथल्या एका कामगाराला धरून विचारलंच, तपासणी कधी झाली म्हणून. तो म्हणाला, रोज सकाळी होते. तेव्हा कुठे मिरीला बसू दिलं. लिफ्टवाला माणूस, एक नट ढिला असला तरी काय होतं ते त्यांना चांगलं माहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण सुरुवात गेटवरूनच करायला हवी होती. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. आणि माझ्या पिशवीत नेहमीप्रमाणे मिरीचे डबे. रखवालदाराने पिशवी उघडायला सांगितली, तशा यांनी बाह्या सरसावल्या. मी पटकन मध्ये तोंड घातलं, “दादा, पोरीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, थेंबसुद्धा चालत नाही.” मला वाटलं, आता हा ‘असं कुठे असतं का’ म्हणणार. तर तो म्हणाला, “न्या की मग डबे. पण ताई, एकदा जेवणाच्या हॉलमधल्या मोठ्या आचारी बाईंना भेटा. कदाचित डबा उघडावाच लागणार नाही.” मी मनात म्हटलं, बघितल्यात अशा बाता.

पण हॉलमध्ये गेले आणि बघतच राहिले. एक अख्खी भिंत भरून पदार्थांची नावं आणि प्रत्येकापुढे रंगीत ठिपके. गव्हाशिवायचं, अंड्याशिवायचं, साखरेशिवायचं, मांसाशिवायचं, आणि जांभळा ठिपका म्हणजे दुधाशिवायचं. वन्सं, कुणाच्याही घरी जेवायला गेलं की मी घसा साफ करून, ओशाळं हसून विचारते, ‘यात दूध नाही ना हो?’ मग त्या घरची बाई कपाळाला आठ्या घालते. आणि इथे मी न विचारताच कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवलं होतं! सूप जांभळं, पास्ता जांभळा, केक जांभळा. मी खुळ्यासारखी तिथे उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवून कशाला ठेवू.

यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते किमती बघून. वाटीभर सुपाच्या पैशांत आपला आठवड्याचा भाजीपाला येतो हो! पाण्याची बाटली बाहेरच्यापेक्षा चौपट महाग. काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, “रोज नवी विहीर खणता का रे?” मागची रांग हसायला लागली, तसा यांना आणखी जोर चढला. मी दंड धरून बाजूला ओढलं. एक गोष्ट मात्र मी बघून ठेवली होती, जांभळ्या ठिपक्याचं आणि साध्याचं मोल एकच. आमच्याकडे दुकानात मिरीची बिस्किटं दुप्पट भावाने मिळतात, म्हणून सांगते.

तेवढ्यात आचारी बाई आल्या. धिप्पाड, पांढरी टोपी, घामाने डबडबलेल्या. मला वाटलं मलाच विचारतील, तर त्या मिरीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “तू सांग, तुला काय काय चालत नाही?” मिरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “दूध, दही, लोणी, चीज, आणि ज्याला दुधातला चमचा लागलाय ते.” बाई म्हणाल्या, “शाब्बास. ते शेवटचं मोठ्यामोठ्यांना कळत नाही.”

यावर हे घुश्श्यातच बोलले, “नुसता चमचा लागून काय होतंय एवढं?” वन्सं, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. कारण हा प्रश्न बाईंना नव्हताच.

बाई शांतपणे उठल्या. म्हणाल्या, “साहेब, माझ्याच हातून झालंय. इथे नवीन होते तेव्हा. एका मुलासाठी सगळं वेगळं केलं, वेगळं पातेलं, वेगळं तेल. वाढताना डाव तेवढा क्रीमच्या सुपातला उचलला. पुसला होता हो मी. चांगला फडक्याने पुसला होता. तरी पोराला श्वास घेता येईना.”

हे पांढरेफटक पडले. मी बघत होते ना त्यांच्याकडे. एक ढिला नट काय करतो, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आता ते बोलायलाच हवं. इतकी पानं मी पाळण्याचं आणि पाण्याच्या बाटलीचं सांगत बसले, ते हे लिहायचा धीर होत नव्हता म्हणून. मिरीच्या चौथ्या वाढदिवसाला तुम्ही तिच्यासाठी भात वेगळा केलात, भाजी वेगळी केलीत. अर्ध्या तासात तिचे ओठ सुजले. हॉस्पिटलच्या दारात तुम्ही एकच धरून बसला होतात, ‘डाव क्रीममधला होता, पण पुसला होता रे मी.’ आणि हे ओरडले, ‘पुसला होता म्हणे! थोडं थोडं दिलं की सवय होते, असं तूच म्हणायचीस ना? मुद्दाम चाखवलंस तू तिला.’ आई गेल्यावर ज्या बहिणीच्या हातचं खाऊन वाढले, तिला असं बोलले. त्या दिवसापासून मिरीने तुमच्या घरचं पाणी प्यायलं नाही. तुम्ही दर वाढदिवसाला फ्रॉक पाठवता, खाऊ कधीच नाही. फ्रॉक शिवणाऱ्या तुमच्या शेजारणीने मला सांगितलंय, तुम्ही तेव्हापासून घरात दूधच आणत नाही, चहासुद्धा कोरा पिता.

तर आचारी बाईंनी आम्हाला आत नेलं. एकाच स्वयंपाकघरात इकडे दुधाचे टोप उकळत होते आणि तिकडे कोपऱ्यात जांभळ्या मुठीची सगळी भांडी, तवा, डाव, उलथनं, एकदम वेगळी टांगलेली. त्यांना दुसरं कुणी हात लावत नाही. बाईंनी मिरीसमोर कोपरापर्यंत हात धुतले. मिरी राणीसारखी उभी राहून बघत होती. मग तिने विचारलं, “तो मुलगा परत आला का?”

“दर वर्षी येतो,” बाई म्हणाल्या. “त्याच्या आईने मलाच वाढायला सांगितलं. म्हणाली, आता तुमच्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार?”

जेवण झालं. मग बाईंनी स्वतः आइसक्रीमचा कोन आणला, नारळाच्या दुधाचा. वन्सं, आपल्या मिरीने जन्मात कोन हातात धरला नव्हता. तो कसा खातात तेच तिला माहीत नाही! कचकन चावली आणि गारठून डोळे मिटून घेतले. मग ते वितळून कोपरापर्यंत ओघळायला लागलं तशी घाबरली. “आई, हे बिघडलं का? हे असंच गळतं का?” मी म्हटलं, अगं असंच गळतं, चाट पटकन. हॉलभर मुलं कोन खात होती आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. मिरी त्यांच्यातलीच एक. मी इतकी वर्षं देवाकडे काय काय मागितलं, पण हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. आणि पाण्यावरून भांडलेले तुमचे बंधुराज उठले आणि किंमत न बघता दुसरा कोन घेऊन आले.

परतताना बसमध्ये मिरी खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. एकदम म्हणाली, “बाबा, त्या बाई म्हणाल्या तसं असेल तर आता आत्याचंच जेवण सगळ्यात बरं की.” हे घर येईपर्यंत बाहेर बघत होते. उतरताना रुमाल काढून नाक शिंकरलं, धूळ गेली म्हणे. बंद काचेच्या बसमध्ये कुठली आली धूळ!

काल सुट्टी असून सकाळीच बाहेर पडले. भांड्यांची चार दुकानं पालथी घालून दुपारी आले. मला हात लावू न देता स्वतः बांधाबांध केली. आता पार्सल उघडा. तवा, पातेलं, उलथनं, डाव, सगळं जांभळ्या मुठीचं. आणि वरचा पत्ता नीट बघा. अक्षर ओळखलंत ना? ‘ताई’ लिहिताना पेन थांबलेलं दिसतंय, शाईचा ठिपका पडलाय.

येत्या रविवारी आम्ही तिघं येतोय. डबे आणणार नाही. स्वयंपाक तुम्ही करायचा, मिरीला वाढायचंही तुम्हीच, माझ्याकडे सोपवायचं नाही. भीती वाटेल, मला कळतं. मिरी शेजारी उभी राहून हात धुवून घेईल तुमच्याकडून, तिला आता फार अक्कल आली आहे. आणि त्या दिवशी चहाला दूध आणा. आपण दोघी दुसऱ्या शेगडीवर दुधाचा चहा करून पिऊ.

हे लिहीत होते तर मागून येऊन वाचून गेले तुमचे बंधुराज. म्हटलं, तुम्हीही दोन ओळी लिहा. नको म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, “तिला लिही, हा डाव नुसता पुसलास तरी चालेल. तो दुसऱ्या कशाला लागणारच नाही.”

तुमच्या हातच्या घासाची वाट बघणारी,
तुमची भावजय