एका टाकीत जाऊन-येऊन

रविवार, १७ जून १९७९

संपलं. घर बत्तीस मैलांवर असताना पेट्रोल संपलं. मक्याच्या शेताच्या कडेला गाडी थांबली ती थांबलीच. आज रविवार, म्हणजे एकही पंप उघडा नाही. या उन्हाळ्यात पेट्रोलची बोंब आहे, म्हणून रविवारी सगळे पंपवाले कुलूप लावून घरी बसतात. आणि तुरुंगात भेटीचा वार कोणता? रविवार! दोन्ही नियम करणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नसावी.

एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठीच्या पिंपातून चार गॅलन दिलं. पैसे घेईना. ‘कुठून येताय?’ म्हणाला. ‘बहिणीकडून.’ मला बहीण नाही. इतक्या भल्या माणसाशी धडधडीत खोटं बोलले. परत येईपर्यंत कान गरम होते.

कानाला खडा. यापुढे कुणाच्या पिंपासमोर उभी राहणार नाही. आणि तुरुंगातल्या माझ्या पोराची, वेंडेलची, भेटही चुकवणार नाही. शाळेच्या सुट्टीत मी मटार डबाबंद करायच्या कारखान्यात, तिथे शनिवारीही संध्याकाळपर्यंत काम, तेव्हा आदल्या दिवशी निघणं शक्य नाही. म्हणजे एकाच टाकीत जायचं आणि त्याच टाकीत यायचं.

जाणं १४८ मैल, येणं १४८. एकूण २९६. टाकी २४ गॅलनची. गाडी देते गॅलनला ११ मैल, म्हणजे २६४. साडेबारा मिळाले की झालं. गॅलनमागे दीड मैलाचा तर प्रश्न! शाळेच्या स्वयंपाकघरात एका हंड्यातून साडेतीनशे पोरांना पुरवते मी. हेही पुरवीन.

सोमवार, १८ जून

अर्व्हिडकडे गेले. ऑर्विलचा धाकटा भाऊ, माझा दीर, समोरच राहतो, मागच्या अंगणात त्याचं गॅरेज. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, ‘लिओटा, ही गाडी नाही, गोठा आहे. अठरा फूट! विकून टाक आणि एखादी चिमुकली जपानी घे.’

म्हटलं, चिमुकलीला पैसे तू देणार का? ऑर्विल जाऊन चार वर्षं झाली, पण ही गाडी त्याने एकोणसत्तर साली नवी कोरी आणली होती. आणि ती चालते. फक्त खाते फार.

‘डिकी उघड,’ म्हणाला. उघडली. वाळूची दोन पोती. सत्तर-सत्तर पौंडांची. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून नोव्हेंबरात टाकलेली. आज तारीख अठरा जून! इथे सगळेच पोती टाकतात, आणि थोडेफार सगळेच काढायचं विसरतात, पण अर्व्हिड असा हसला की गॅरेजच्या दाराला टेकावं लागलं. पोत्यांखाली साखळ्या, फावडं, आणि ऑर्विलचा बोलिंगचा चेंडू. सोळा पौंड. पोती त्याला दिली. चेंडू घरात आणला, सोफ्यावर ठेवलाय. तेवढाच सोबतीला.

गुरुवार, २१ जून

चाकांत हवा बावीस पौंड होती, बत्तीस केली. मागचं डावं चाक ब्रेकला घासत होतं, म्हणजे मी इतके दिवस ब्रेक दाबूनच फिरत होते. प्लग नवे. एअर फिल्टर तर असा निघाला की त्यात मुळे लावता आले असते.

शनिवार, २३ जून

इंजिन अजून उघडंच. उद्या जाता येणार नाही. वेंडेलला पत्र टाकलं. त्याचं आधीच आलंय: ‘आई, इतक्या लांब नको येत जाऊस.’ हेच तो दर पत्रात लिहितो. मी दर पत्रात वाचत नाही.

सोमवार, २५ जून

दोष सापडला. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला, म्हणून इंजिन कधी पुरतं तापायचंच नाही आणि चोरासारखं पेट्रोल प्यायचं. अर्व्हिड म्हणाला, ‘दोन वर्षं हिवाळ्यात हीटर गार होता ना? मग कळलं नाही?’ मला वाटलं होतं, थंडीच जास्त पडलीय.

रविवार, १ जुलै

ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गेले नाही. एसी बंद, काचा दोन बोटं उघड्या, मी वाफेवर शिजत. समोर, इंजिन किती पेट्रोल ओढतंय ते सांगणारी, काट्याची एक छोटी तबकडी अर्व्हिडने बसवून दिली आहे. पाय जोरात पडला की काटा घसरतो. काटा घसरू द्यायचा नाही, बस. दोनदा मागून हॉर्न. एका ट्रकवाल्याने काच खाली करून काहीतरी सांगितलं, ते लिहिण्यासारखं नाही.

घर सहा मैल असताना संपलं. चालत आले, सँडल हातात घेऊन. पण बत्तीसवरून सहावर! चालताना गाणं म्हणत होते.

बुधवार, ४ जुलै

सुट्टी नाही. मटारांना स्वातंत्र्यदिन कळत नाही, ते आजच पिकले. बारा तास कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर.

रविवार, ८ जुलै

पोचले. परत आले. टाकीत दोन गॅलन शिल्लक. गॅलनला साडेतेरा! अर्व्हिडला कुंपणापाशी बोलावून आकडा सांगितला. तो म्हणाला, ‘पुन्हा सांग.’ पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही तरी सांगितला.

वेंडेलला तिथे टेबलावर बोटाने सगळा हिशेब काढून दाखवला. तो हसला. बारीक झालाय. सहकारी गोदाम फोडायला दोन मित्रांबरोबर गेला, म्हाताऱ्या पहारेकऱ्याला ढकललं, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तीन वर्षं. त्यातलं एक झालं. त्या रात्रीबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

निघता निघता म्हणाला, ‘आई, एक विचारू? माझ्या शेजारी मिलो हाव्लिचेक आहे. त्याची आई चौदा महिन्यांत आलेली नाही. गाडी चालवता येत नाही तिला. येताना तिला घेशील?’

गाव विचारलं. त्या गावावरून आलं तर एका बाजूला सतरा मैल जास्त. दोन बाजूंनी चौतीस. २९६ आणि ३४, ३३०. गाडी जाते ३२४.

‘सहा मैल कमी पडतात,’ म्हटलं. ‘नाही जमायचं.’

‘बरं,’ म्हणाला.

हिशेब बरोबर आहे. पुन्हा तपासला. बरोबरच आहे.

गुरुवार, १२ जुलै

बरोबर असलेला हिशेब चार वेळा का तपासतेय मी?

रविवार, १५ जुलै

जातानाचे आकडे आणखी चांगले. पावणेचौदाच्या आसपास. वेंडेलला सांगत होते, उतार कसा घ्यायचा, चढाआधी वेग कसा जमवायचा. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘आई, मला कंटाळा येत नाही गं. पण भेट दोन तासांची असते, आणि तू पावणेदोन तास गाडीचंच बोलतेस.’

तोंडात मारल्यासारखं झालं. मुलगा रागावून बोलला असता तर मीही रागावले असते. पण तो अगदी हळू बोलला, लहानपणी ताप आलेला असताना बोलायचा तसा. उरलेली पंधरा मिनिटं आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

खरं ते लिहायला हवं. गाडीत काय बिघडलंय ते मला समजतं, आणि ते सुधारता येतं. वेंडेलचं कुठे बिघडलं, ते मला विचारायची भीती वाटते. मीच काही विसरले असेन, डिकीतल्या पोत्यांसारखं, आणि ते मला कुणी दाखवलं तर?

येताना सुरुवातीला साठने आले. पेट्रोल पुरलं नसतं, मग पुन्हा हळू केली. रडायलाही वेग सांभाळावा लागतो या गाडीत.

सोमवार, १६ जुलै

मिसेस हाव्लिचेकना फोन केला. रविवारी माझ्याबरोबर येता का, विचारलं. म्हणाल्या, ‘आम्ही कुणावर भार होत नाही.’

म्हटलं, भार म्हणजे किती पौंड?

 ‘एकशे नव्वद. चपला धरून.’

‘चालेल. रविवारी सकाळी आठला.’

बुधवार, १८ जुलै

अर्व्हिडला सांगितलं, ३३० पाहिजेत, आणि एक बाई वाढणार. तो डोकं खाजवत म्हणाला, ‘तू गाडी चालवणार की चमत्कार करणार?’ पण पाने घेऊन आला. मागची बैठक उचकटून काढली. तिच्याखाली पस्तीस सेंट आणि वेंडेलचा हरवलेला दाताचा तारेचा साचा मिळाला, त्याच्यासाठी ऑर्विलने त्याला आठवडाभर बोलून बोलून हैराण केलं होतं. जादा चाकही काढ म्हटलं. ‘ते नाही,’ म्हणाला, ‘तेवढा वेडा मी नाही.’ बरं, चाक राहू दे.

हवा पस्तीस पौंड. आता रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्याला कळतो.

शनिवार, २१ जुलै

कारखान्यातून थेट पंपावर. पंपाच्या उतारावर नाक खाली करून गाडी लावली, म्हणजे टाकीत जास्त मावतं, आणि गळ्यापर्यंत भरायला लावली. पंपवाला म्हणाला, ‘बाई, आता डोळ्यांतून येईल.’ त्याला म्हटलं, आलं की थांब.

रविवार, २२ जुलै

लिहायला हात थकलेत, पण लिहिणारच.

मिसेस हाव्लिचेक दारात उभ्याच होत्या, चर्चची टोपी घालून, मांडीवर मावेल एवढा पत्र्याचा डबा घेऊन. खसखशीच्या गोड पावांचा डबा. म्हटलं, तुरुंगात खायचं काही आत नेऊ देत नाहीत. ‘माहीत आहे,’ म्हणाल्या, ‘हे आपल्याला.’ म्हटलं, डबा किती पौंडांचा? ‘जाताना पाच. येताना शून्य.’ बाई मला आवडली.

बेचाळीसने चाललो होतो.  वीस मैलांनंतर गवताने लादलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याने हात केला, त्यांनीही केला. म्हणाल्या, ‘लिओटा, तुमचा स्वभावच असा की गाडीचा?’ मी सगळं समजावून सांगितलं, काटा, चढ, उतार. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे कुठेच घाई करायची नाही आणि उगाच थांबायचंही नाही. माझ्या नवऱ्याला हे कुणी शिकवलं असतं तर अकरा पोरं झाली नसती.’ हसताना काटा घसरला. चालायचंच. त्यानंतर त्या माझ्यासाठी नुसत्या अल्बिना.

भेटीच्या खोलीत मिलो आला. सहा फुटांचा, मानेवर निळं गोंदण. अल्बिनाने त्याला काही विचारलं नाही. त्याचा कान धरला, डोकं खाली ओढलं आणि कानामागे बघितलं, स्वच्छ आहे का. तो तसाच वाकून राहिला. तुरुंगाचा शिपाई दुसरीकडे बघायला लागला.

मी गाडीचं एक अक्षर काढलं नाही. काय बोलायचं कळत नव्हतं, म्हणून विचारलं ते सरळच विचारलं. त्या रात्री काय झालं? वेंडेलने टेबलाकडे बघत सांगितलं. सगळं. म्हातारा पहारेकरी पडल्यावर वेंडेलने त्याची टोपी उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि मग पळाला. ‘त्यांना पत्र लिहिलंय, खिशातच आहे,’ म्हणाला. ‘टाकायचं धाडस होत नाही.’ मी म्हटलं, दे, मी टाकते. भीती वाटत होती तितकं ते ऐकणं जड नव्हतं. जड होतं, पण माझ्याने उचलण्याइतकं.

म्हणाला, बाहेर काम करणाऱ्या कैद्यांच्या कॅम्पात पाठवायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव आहे. कुठे आणि कधी ते सांगत नाहीत. मिलोचं नाही, त्याला अजून पाच वर्षं आहेत.

येताना अल्बिनाने उरलेले पाव वाटून डबा रिकामा केला. तिच्या फाटकापाशी उतरताना म्हणाली, ‘चौदा महिने मला वाटायचं, त्याला माझा चेहरा आठवत नसेल.’ मग रिकामा डबा काखेत मारून आत गेली.

घरी आले तेव्हा पेट्रोलचा काटा तळाच्याही खाली गेला होता. इंजिन फाटकात एकदा खोकलं आणि अंगणापर्यंत आलं. ३३० मैल. मला हवा होता तो आकडा, आणि अर्व्हिडला हाक मारायचंही राहून गेलं.

सोमवार, २३ जुलै

वेंडेलचं पहारेकऱ्याला लिहिलेलं पत्र टाकलं. अर्व्हिडने डब्यातून चार गॅलन आणून घातले, ‘पंपापर्यंत ढकलणार होतीस का?’ म्हणून ओरडला, आणि आकडा ऐकून म्हणाला, ‘पुन्हा सांग.’

शनिवार, २८ जुलै

तुरुंगाचं पत्र आलं. वेंडेलला कॅम्पात हलवलं, झाडं लावायच्या कामावर. आमच्या घरापासून अकरा मैल. भेट बुधवारी संध्याकाळी. कशीही हाकली तरी दोन गॅलनमध्ये जाऊन येईन.

मिलो जुन्या तुरुंगातच आहे. टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. उद्या आठ वाजता अल्बिना दारात उभी असेल.