डब्यात गेलेली माफी

आदरणीय बुशाइब भाऊजींना साफीहून तामोचा सलाम. तिकडे माँट्रियलला थंडी किती, गुडघे कसे आहेत, जाऊबाईंचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक कोणी नाही.

तुमच्या धाकट्या भावाने (नाव मिलूद, विसरला असाल तर) तुम्ही दोघं ज्यावरून बोलायचात त्या रेडिओला जोडायचं नवं यंत्र घेतलंय. सिग्नलला दहापट ताकद देतं म्हणे. जुन्यातल्यासारखे काचेचे दिवे नाहीत, तापायची वाट बघणं नाही, बटण दाबलं की तयार. (आमच्या घरात लगेच तयार असणारं ते एकटंच.) सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं हे दर शुक्रवारी रेडिओवर तुम्हाला हाका मारतात आणि तुम्ही गप्प. मी सांगून दमले, "अहो, आई आजारी आहे हे तुम्ही कळवलं नाहीत, माती द्यायलासुद्धा भाऊजी पोचले नाहीत, रागावलेत ते!" तर म्हणतात, "छे गं, सिग्नल पोचत नाही."

बसवण्यात आठ दिवस गेले. जाड तांब्याची तार माझ्या पुदिन्यातून जमिनीत गाडली. पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला, विजेच्या भट्टीतली रोटी अर्धी कच्ची. मग अँटेनाशी यंत्राचं जमेना, लाल दिवा लागून बंद पडायचं. अँटेना बिघडलेली असली तर यंत्र जळतं, म्हणून परीक्षा खोट्या अँटेनावर घेतात: तेलाचा छोटा डबा, आत बुडवलेली एक कांडी. सगळी ताकद ती कांडी पिते, बाहेर एक अक्षर जात नाही. आणि तेल कुठलं, तर माझ्या बहिणीने पाठवलेलं ऑलिव्हचं. (मी काय बोलले ते लिहीत नाही, तुम्ही वडील माणूस.)

गेल्या शुक्रवारी हे नमाजाहून आले, कुसकुसला हात लावला नाही, तसेच यंत्रापुढे बसले. ताकदीचा काटा पुरा उजवीकडे. "तामो, आज ऐकणारच तो!" आणि बोलले. आईनेच कळवू नकोस म्हणून शपथ घातली होती, ती मोडायला हवी होती, चूक माझी. दहा मिनिटं. मी दारात उभी. पस्तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलं नव्हतं (तेलाबद्दलही नाही). मग हे अर्धा तास कान लावून बसले. तुमच्याकडून काही नाही. "ऐकलं त्याने. आता बहाणा उरला नाही," म्हणाले, यंत्रावर घोंगडी टाकली. तेव्हापासून जेवण म्हणजे चहा, आणि बोलणं त्याहून कमी.

तब्येतीला जपा. कानटोपी घालत जा.

तुमची भावजय
तामो

ता.क. त्या शुक्रवारी हे उठून गेल्यावर तळणीचा वास आला. डब्याला हात लावला तर चटका बसला. खरी अँटेना की डबा हे ठरवणारा खटका डब्याकडेच राहिला होता. यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुन्हा बोलतील, खऱ्या अँटेनावर, आणि तुम्ही पुन्हा गप्प बसाल. मग मी दोष कुठल्या डब्याला देऊ?

आणखी एक. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आमच्या चार वाजता, मी घोंगडी काढीन आणि खटका अँटेनाकडे फिरवीन. तुम्ही हाक मारा. "ऐकलं" एवढंच म्हणा. बोलायचंच नसेल तर तसं मला कळवा. खटका डब्याकडेच राहू देईन, जन्मभर. तेल बदलत जाईन.