पांढऱ्या मुठीच्या काठ्या

मी, खाली सही करणारा, घरांना रंग देण्याचे ठेके घेणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, मागच्या खोलीतल्या कामाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण माझ्या सह्या मात्र त्यांनी बऱ्याच घेतल्या. माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही आणि मी कसल्याही नशेत नाही. वकीलसाहेबांनी 'स्वखुशीने' हा शब्द घालायला सांगितला होता, तो मी गाळला आहे. स्वतःच्या इच्छेने लिहितो आहे, पण त्यात खुशी काही नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः गेल्या उन्हाळ्यात रागाच्या भरात लिहिलेले, ज्यात 'सूनबाईस काहीही मिळू नये' असे वाक्य आहे. ते वाक्य मीच लिहिले होते. अक्षरही चांगले आले होते.

कलम १. राहते घर, त्यातील सामानासह, माझ्या पत्नीचे. लग्न झाल्यापासून तिला स्वयंपाकघर पिवळे हवे होते. मी गावभर लोकांच्या भिंती त्यांच्या आवडीने रंगवल्या आणि तिला सांगत राहिलो की पिवळ्यावर डाग दिसतात. माझ्या पश्चात तिने हवा तो पिवळा लावावा. मुलाने मजुरी घेऊ नये.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नीच्या हयातीत पत्नीच्या. त्यानंतर मुलगा आणि सूनबाई यांना समसमान, दोघांच्या वेगवेगळ्या नावांवर. वेगवेगळ्या नावांवर, हे वकीलसाहेबांनी अधोरेखित करावे.

कलम ३. शिड्या, उंच भिंती रंगवायचा दोरांचा पाळणा, फवारणीचे यंत्र आणि धंद्याचे नाव मुलाकडे आधीच गेले आहे. सर्वांत उंच शिडी शेजारच्या निवृत्त पोस्टमनकडे आहे. छपरावरची पाने काढायला म्हणून नेली ती परत आली नाही. त्यावरून मी त्यांच्याशी अनेकदा तुटक वागलो. ती शिडी आता त्यांचीच. कोणी मागू नये.

कलम ४. आता काठ्यांबद्दल.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिसांची नकली माशी गळाला बांधून वाहत्या पाण्यावर फेकतात आणि मासा ती खरी समजून वर येतो. त्या माशीला वजन नसते, वजन असते दोरीला. काठीने वाकून ती दोरी पुढे भिरकावायची असते. म्हणून काठी हलकी आणि लवचिक लागते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीवर रंग वाळत नाही आणि नदीवरही मासेमारी बंद असते. त्या महिन्यांत मी या खोलीत काठ्या बनवत असे. कोरा दांडा विकत आणायचा, बुचाच्या चकत्या चिकटवून, लेथवर फिरवून मूठ घडवायची, दोरी ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्याने गुंडाळून बांधायच्या. शेवटी वॉर्निश. ते फक्त दोऱ्यावर लावावे असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. मी अख्ख्या काठीला लावत असे. एक हात, वाळला की घासून दुसरा, मग तिसरा, आणि मन भरले नाही तर आणखी एक. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की एका हाताने भिंत भागत नाही, तेच काठीला केले. काठी अशी चकाके की तिच्यात खोलीतला दिवा दिसे.

दर हिवाळ्यात एखाद्याला ती भेट द्यायची. धाकट्या भावाला दिली, दातांच्या डॉक्टरांना दिली, मासेमारी मंडळातल्या सगळ्यांना एकेक करून दिली. पोस्टमनना मासेमारीत रस नव्हता, तरी त्यांनाही दिली. डॉक्टर म्हणाले, "ही पाण्यात नेववत नाही हो, भिंतीवरच लावतो." मी घरी येऊन हे पत्नीला मोठ्या कौतुकाने सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं," आणि भाजी चिरत राहिली. शिडीवरच्या कामाने माझा उजवा खांदा कधीच गेला होता. नदीवर मी खुर्ची टाकून बसत असे आणि लोकांचे आभार स्वीकारत असे.

माझ्याकडे काठी मागितली फक्त एका माणसाने. मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सूनबाई या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, मलाही एक करून द्या ना. मला शिकायचंय."

दिली. तिलाही चार हात वॉर्निश दिले.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

सूनबाईच्या आईची लाँड्री आहे. तिच्या मागे कपडे वाळत घालायचे मोकळे आवार आहे. तिथे सूनबाई हिवाळाभर सराव करत होती, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गेल्या वसंतात हंगामाच्या पहिल्या दिवशी सारे मंडळ नदीवर जमले. ती पाण्यात उतरली. दोरी काही केल्या पुढे जाईना, पुढ्यातच गोळा होऊन पडे. माझ्या भावाने तिला स्वतःची काठी दिली. ती दुकानातून आणलेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षातही आले नाही. तिने हात मागे नेला, पुढे आणला, आणि दोरी सरळ पलीकडच्या दगडापर्यंत गेली.

ती वळली. तोंडभर हसत होती. "बाबा, पाहिलंत? ही किती हलकी आहे! तुमच्या काठीला वॉर्निश जास्त होतंय का हो?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एका शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला विचारावे तसे तिने विचारले होते. मी खुर्चीतून उठलो आणि सर्वांसमोर म्हणालो, "दोष काठीत नाही. कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी तू, तुमच्या हाताला आपटायची सवय. तुला काठी नको, धोपाटणं द्यायला हवं होतं."

एक जण हसला. बाकी कोणी हसले नाही.

भाऊ म्हणाला, "दादा, बस कर. ती खरं बोलतेय. तुझ्या काठीनं कुणालाच जमत नाही."

"मग इतकी वर्षं कुणीच का बोललं नाही?"

"तू एवढ्या हौसेनं द्यायचास. कोण सांगणार तुला? आणि सांगितलं की काय होतं, ते आत्ता दिसलंच."

मी डॉक्टरांकडे पाहिले. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते, त्यांना नाडीच नव्हती.

सूनबाईने भावाची काठी त्याच्या हातात परत दिली, माझी उचलली आणि ती गाडीत जाऊन बसली.

कलम ६. त्यानंतर मी जे केले त्याची मला त्या वाक्याइतकीच लाज वाटते. मी घरोघर जाऊन काठ्या परत मागितल्या. दिलेली भेट परत मागणारा माणूस दारात उभा राहिला की लोक कसे पाहतात, ते मी पाहिले आहे. कोणी भिंतीवरून काढून दिली, कोणी कपाटामागून. पोस्टमनकडची काठी परसात टोमॅटोच्या झाडाला आधार म्हणून उभी होती. ते म्हणाले, "चालेल का आठवडाभर? फळं धरलीत." निदान त्यांनी ती वापरली होती.

साऱ्या काठ्या मी या टेबलावर ओळीने मांडल्या. बुचाला हाताचा घाम लागतो, माती लागते, एका हंगामात ते काळपट होते. पोस्टमनची सोडली तर या सगळ्या मुठी पांढऱ्याशुभ्र होत्या, मी जशा दिल्या तशाच.

सूनबाईची काठी मी मागितली नव्हती. तीच एके सकाळी येऊन दाराशी ठेवून गेली, बेल न वाजवता. तिची मूठ काळी पडली होती. अंगठ्याच्या जागी बुचाला खळगा पडला होता. काठी जड आहे हे कळायला ती वापरावी लागते. ती वापरली फक्त तिने.

हे मला त्याच सकाळी कळले. तरी मी उन्हाळाभर गप्प राहिलो, आणि त्या गप्प बसण्यातच सुरुवातीला सांगितलेले ते रागाचे मृत्युपत्र लिहिले. मुलगा रविवारी एकटाच येई, चहा पिई, खांदा कसा आहे विचारी आणि निघे. पत्नी म्हणाली, "अहो, एकदा जाऊन बोला तिच्याशी."

"येईल ती."

"तिनं का यायचं?"

मी वर्तमानपत्र उघडले.

कलम ७. शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा मला भीती वाटली आणि मग मी विहीणबाईंच्या लाँड्रीत गेलो. धैर्याने गेलो असे कोणी म्हणू नये. त्या इस्त्री करत होत्या. त्यांनी स्टूल पुढे केले.

मी म्हणालो, "नदीवर जे झालं, त्याबद्दल आलोय."

"नदीवर काय झालं?"

त्यांना काहीच माहीत नव्हते. माझी तब्येत बरी नसते म्हणून येणे-जाणे कमी झाले, असे मुलीने त्यांना सांगितले होते. माझ्या वागण्यावर तिने पांघरूण घातले होते, तेही स्वतःच्या आईपुढे. 'काही नाही, सहज आलो होतो' म्हणून मला निघता आले असते. मी स्टुलावरून अर्धा उठलोही. मग बसलो आणि जे बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितले.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"धोपाटणं म्हणालात?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

पुढ्यातल्या सदऱ्याची त्यांनी सावकाश घडी घातली. "मग इथे कशाला आलात? इथे कोण होतं तेव्हा? ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर परत घ्या."

मी म्हणालो की हंगाम सुरू व्हायला अवकाश आहे आणि त्याआधी माझे ऑपरेशन आहे.

"मग ते नीट करून घ्या," त्या म्हणाल्या. "आता मरून सुटू नका."

कलम ८. म्हणून अशी व्यवस्था करतो.

(अ) मी शस्त्रक्रियेतून उठलो नाही, तर हंगामाच्या पहिल्या दिवशी, नदीच्या त्याच काठावर, त्याच माणसांसमोर माझ्या धाकट्या भावाने पुढील मजकूर मोठ्याने वाचावा. वाचताना त्याने रडू नये, त्याला ती सवय आहे. मजकूर असा: "सूनबाई, तू बरोबर होतीस. काठ्या जड होत्या आणि त्या मी जड केल्या. तुझ्या आईबद्दल मी जे बोललो ते नीच होते. ते मी रागात बोललो असे लोक म्हणतील, पण ते माझ्या मनात आधीपासून होते म्हणूनच तोंडात आले. ते मी परत घेतो. तू माझी काठी हिवाळाभर हातात धरलीस, एवढा मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही."

(आ) मी उठलो, तर हे मी स्वतः म्हणेन आणि (अ) आपोआप रद्द होईल.

(इ) ही खोली, लेथ, कड्यांचे डबे, रेशमी दोरे आणि सर्व काठ्या सूनबाईच्या. वॉर्निश खरवडून त्यांतल्या काही सुधारतील, काही नाही. मात्र तिने हे घेतलेच पाहिजे असे नाही. माझी भेट नाकारायची मुभा आजवर मी कोणाला दिली नव्हती, ती तिला देत आहे. तिने नको म्हटल्यास मुलाने सर्व विकावे आणि तिच्याजवळ पुन्हा विषय काढू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी पत्नीची नेमणूक करतो. इतकी वर्षे ती तेच करत आली आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. डॉक्टरांनी बुटांच्या उल्लेखाला हरकत घेतली. मजकूर तसाच ठेवला आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: २३ फेब्रुवारी

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) दातांचे डॉक्टर
२. (सही) शेजारी, निवृत्त पोस्टमन

पुरवणी

मी जिवंत आहे. कलम ८ (अ) रद्द करण्यात येत आहे.

आज हंगामाचा पहिला दिवस होता. मंडळ जमले होते. विहीणबाई दुकान बंद ठेवून आल्या होत्या. सूनबाई पाण्यात उभी होती, पाठमोरी. मी मजकुराचा कागद घरीच ठेवला होता, त्यामुळे काही शब्द मागेपुढे झाले, पण नीच हा शब्द मी गाळला नाही. शस्त्रक्रियेपासून माझा आवाज बसला आहे.  माझे बोलून झाल्यावर तिने दोरी पूर्ण गुंडाळून घेतली आणि मगच मागे वळली.

"बाबा, मागे उभे आहेत त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटले.

खोलीबद्दल तिने अजून हो किंवा नाही सांगितलेले नाही. कोणी विचारू नये.

स्थळ: नदीकाठ
दिनांक: ६ एप्रिल

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) दातांचे डॉक्टर
२. (सही) लाँड्रीची मालकीण. दोन्ही वेळा ऐकले.