गाठ ताईच बांधणार

माय, मागच्या महिन्यात माझं पुन्हा लग्न झालं. घाबरू नको, त्याच माणसाशी. संसाराला पंचवीस वर्षं झाली की लोक आता पुन्हा अंतरपाट धरतात, हार घालतात, मंगलाष्टकं म्हणतात. हे खूळ तुझ्या नातीनं घरात आणलं. ती पोटात असतानाच तू गेली, म्हणून तुला ती ठाऊक नाही, पण तिची जीभ थेट तुझ्यावर गेली आहे. "आई, तुमच्या लग्नाचा एक फोटो धड नाई, सगळ्यात बाबाचे डोळे मिटलेले," म्हणाली. मी म्हटलं, येडी झाली का, या वयात बाशिंग बांधून हसू करून घेऊ? विषय तिथंच संपला असता.

पण ताई हसल्या. ताई म्हणजे माझी नणंद, वरातीत सगळ्यात मोठ्यानं बोलत होती ती. त्यांचे यजमान वारले तेव्हापासून त्या आमच्याकडे पिपरी मेघेलाच राहतात. हळदीकुंकवाला बाया आल्या की आपणहून आत स्वयंपाकघरात जातात आणि दार लोटून घेतात. कोणी सांगत नाही, त्याच जातात. त्या दिवशी मेथी निवडता निवडता खळखळून हसल्या. "तुमची गाठ मीच बांधली होती. अशी करकचून बांधली का सोडवता सोडवता तुह्या नवऱ्याच्या नाकी नऊ आले." मग जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "आता दुसरी कोणी पाहून ठेव वं. सवासीन पाहजो." माय, माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिथंच ठरवलं, आता लग्न होणार म्हणजे होणारच आणि गाठ ताईच बांधणार.

मग लग्न लावणारा शोधायला निघाले, तेव्हा कळलं की हा माणूस आता किती महाग झाला आहे. लेकीनं वर्ध्यातल्या कार्यक्रमवाल्यांना फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात विचारते, "थीम काय ठेवायची, मॅडम?" मी म्हटलं, लग्न. ती म्हणाली, आमचा माणूस माइकवर सगळं करतो, नवरा-बायकोनं एकमेकांना वचनं वाचून दाखवायची, तीही आम्हीच लिहून देतो. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात 'चहा टाक' याहून मोठं वचन मला दिलेलं नाही, तो काय वाचणार! आणि भाव असा की तेवढ्यात आमच्या गच्चीवर पत्रे पडले असते. एस.टी.च्या डेपोत नटबोल्टांवर पाने फिरवणाऱ्या माणसाच्या घरी असली थेरं कुठून परवडणार?

मग एका तरुण महाराजांकडे गेलो. त्यांचंही पॅकेज होतं, पण ते घासाघीस करण्यातले निघाले. देवळीच्या बाजारात तुझ्या वांग्यांच्या पाटीमागे बसून मी लहानपणीच शिकले होते की गिऱ्हाईक उठून दोन पावलं गेलं की भाव उतरतो. मी उठले, भाव उतरला. सगळं जमत आलं आणि मी गाठीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "विधवेच्या हातची गाठ? काकू, शुभकार्य हाय. गावात सवासिनी कमी हाय का?" मी पुन्हा उठले आणि या खेपेला वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे न वं. लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोकं जेवतीन अन् जातीन."

मला तेव्हा तू आठवत होती. बाबा मी शाळेत असतानाच गेले, म्हणून माझं कन्यादान काका-काकूनं केलं. अंतरपाटाआडून मी तुला शोधत होते आणि मला दिसत होता फक्त स्वयंपाकघरातून येणारा धूर. तू आत पुऱ्या तळत होती. निघताना बाहेर आली ती पिठाच्या हातानं, माझ्या शालूवर तुझी पाच बोटं उमटली. काकूनंच तुला आत बसवलं असं मी धरून चालले. किती वर्षं तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्याकडे धड जेवले नाही.

शेवटी नवऱ्यालाच आठवलं, "आपलं लगन लावणारे महाराज सिंदी मेघेले पोराजवळ राह्यतात म्हणे." लेकीची स्कुटी घेऊन मी एकटीच गेले. म्हातारे महाराज ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी ओळख सांगितली तशी त्यांनी शेंगांची अर्धी पाटी माझ्याकडे सरकवली. "आता कामं घेत नाई मी, पोरी. दोन मंगलाष्टकं म्हटली का दम लागते." मी म्हटलं, दोनच म्हणा. दक्षिणेचं विचारलं, तर म्हणे, "न्यायले-आणायले कोणी पाठवजो अन् गरम पुरी वाढजो. दात नाईत, पण पुरी चालते." मग मी धीर करून गाठीचं विचारलं. इथंही नाही म्हटलं असतं तर पुढं कुठं जायचं, मला माहीत नव्हतं.

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "पहिली कोणं बांधली होती?"

"ताईनंच."

"सुटली का?"

"नाई महाराज."

"मंग ज्या हातची टिकली त्याच हाताले बांधू दे न बापा. दुसरा हात कायले पाह्यता?"

मला रडू आलं, मी शेंगा सोलत राहिले. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुही माय नाई आली त्या दिवशी मांडवात. मी तुह्या काकूले धाडलं होतं, जा म्हटलं, तिले घेऊन ये, पोरीवर अक्षता टाकू दे. काकू हात जोडून आली बिचारी. तुही माय म्हणे, पुऱ्या जळतीन."

माय! पुऱ्या जळतील? जळू द्यायच्या होत्या ना. कोणी तुला आत कोंडलं नव्हतं, दार उघडं होतं, बोलावणं आलं होतं. मी स्कुटीवर घरी येईपर्यंत तुझ्याशी भांडत होते, मोठ्यानं. सिग्नलला शेजारचा ऑटोवाला माझ्याकडे बघत होता. इतका राग मला तुझा कधी आला नाही.

लग्नाच्या दिवशी आचारी मागच्या अंगणात बसवले आणि सकाळी उठल्या उठल्या मी स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं. ताईंसाठी आंब्याच्या रंगाचं लुगडं आणलं होतं. ते नेसून त्या सवयीनं आत निघाल्या आणि कुलपापाशी थांबल्या. "कुलूप कोणं लावलं वं?"

"मी."

"चाबी?"

"हरवली."

"अवं माय! अन् मी आता कुठं बसू?"

"मांडवात. अजून कुठं?"

महाराजांनी खरंच दोन मंगलाष्टकं म्हटली. दुसऱ्याच्या मध्यावर खोकला आला, लेक अंतरपाट सोडून पाणी आणायला धावली, नवरा माझ्याकडे बघून लाजला आणि फोटोत पुन्हा त्याचे डोळे मिटलेले आले. अक्षता पडल्या. महाराज म्हणाले, "करवली कुठं हाय?" ताई माझ्या मागंच होत्या. सासरच्या एक मामी कुजबुजल्या, "असं नाई करत बाई, अपशकुन होते." मी मान वळवून म्हटलं, "मामी, पहिल्या लग्नात तुमी दोन ताटं जेवला होता. आताही जेवूनच जा." लोक हसले, मामीही हसल्या. ताईंच्या हातातून पदर आणि उपरणं दोन्ही निसटले. मी ते पुन्हा त्यांच्या हातात दिले. त्यांनी गाठ बांधली, वर आणखी एक बांधली आणि ती मुठीत घट्ट धरून हमसून हमसून रडल्या.

ते पाहायला आचारीसुद्धा कढई सोडून आले होते. एक घाणा जळला. मांडवभर वास आला, पण कोणी उठलं नाही. काही झालं नाही, माय. पुऱ्या जळाल्या आणि काहीच झालं नाही. महाराजांना दुसऱ्या घाण्यातली वाढली.

हे पत्र पाठवायचं तर तुझ्याकडे पोस्टमन जात नाही, म्हणून घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र कबूल करायचं आहे. ताईंना मी हात धरूनही बाहेर आणलं असतं, त्यासाठी कुलपाची गरज नव्हती. मंगलाष्टकं चालू असताना ताई माझ्या मागंच उभ्या होत्या, हे मला माहीत होतं, तरी मी सारखी कमरेची किल्ली चाचपून पाहत होते. ते कुलूप मी तुझ्यासाठी लावलं होतं.