आतला कॉम्प्युटर

३ डिसेंबर २००७, काल्हेर

देवीच्या कृपेने माप ओलांडलं. घर नवं, हवेशीर. देवघर पूर्वेला. ह्यांच्या पहिल्या, रुचिकाताई, गेल्या वर्षी दिवेलागणीला कॉम्प्युटरपुढे बसल्या जागी गेल्या. सासूबाई म्हणाल्या, तिचं हाय ते वापर गो, वाया घालू नको. मला पटलं. ताईंची पातळं धुऊन घेतली.

६ डिसेंबर

गोदामाचा हिशेब आता माझ्याकडे. दीपेशभावोजींनी शिकवलं. म्हणाले, वहिनी, ह्याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर हाय! जुना प्रोग्राम नव्यावर चालेना, म्हणून ताईंनी तो आत बसवला. सगळा एका फोल्डरात. मोठी फाईल ही त्याची डिस्क. शेजारी चिमुकली फाईल, नुसता मजकूर : नाव काय, मेमरी किती, डिस्क कुठली. कुंडलीच समजा, म्हणून हसले. नाव : रुचिका.

ताई गेल्या त्या दिवशी भावोजींनी तो बंद न करता झोपवून ठेवला होता. जागा केला, तर आत घड्याळ त्याच संध्याकाळचं. ताईंची अर्धी ओळ तशीच : दिवा लावायला उठले, तर उंबऱ्यात

१३ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

ते नाव रोज डोळ्यांत खुपे. दुपारी फोल्डरची नक्कल केली. चिमुकल्या फाईलीत रुचिका खोडून माझं नाव, क्षितिजा, लिहिलं. चालू करताना कॉम्प्युटरने विचारलं, हलवलंस की नक्कल केलीस? नक्कल म्हटलं की नवी ओळख, हलवलं म्हटलं की जुनीच, असं भावोजी बोलले होते. नवी ओळख म्हणजे प्रोग्राम पुन्हा विकत घेणं आलं. मी ‘हलवलं’ दाबलं. मग जुना फोल्डर पुसून टाकला.

उपासाच्या दिवशी खोटं बोलले, वर तिला पुसलं. आरती म्हणताना जीभ अडखळली.

१५ डिसेंबर

सासूबाईंनी रुचिका म्हणून हाक मारली. मग ह्यांनीही. चुकल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. मी ओ दिली. का दिली?

१७ डिसेंबर

तिचं नाव परत लिहावं म्हणून फाईल उघडली. आत रुचिकाच आहे. मी लिहिलेलं कुठे—

भावोजींना विचारलं. म्हणाले, क्षितिजा कोण, वहिनी?

१८ डिसेंबर

माहेरी अंबाडीला फोन केला. आईचाच आवाज. म्हणाली, चुकीचा नंबर लागला बाई, आम्हाला मुलगी न्हाय—

देवी, मी तिची जागा मागितली. तिची वेळ नव्हे—

१९ डिसेंबर

आतल्या घड्याळात तीच दिवेलागण. खिडकीतही. ताई, चुकले. तुमचं सगळं परत— पातळं, नाव—

दिवा लावायला उठले, तर उंबऱ्यात