सगळ्या बसने मारलेली हाक

माझ्या आईला, भटक्या लेकीचा नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. हा चौथा देश. ह्यांचा गुडघा जरा कुरकुरतो, पण काळजी करू नकोस. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? थेंब वेळेवर घालतेस का? वहिनी हे पत्र वाचून दाखवतेय ना? तिला म्हणावं, मध्येच हसू नकोस.

काल घाटातल्या थांब्यावर हे पाय मोकळे करायला उतरले आणि बस निघाली की! दोघांचे पासपोर्ट ह्यांच्या खिशात. इथली भाषा येत नाही, म्हणून खिडकीतून नुसतीच ओरडले, "अहो! अहो!"

शेजारच्या आजींना वाटलं, हेच ह्यांचं नाव. त्याही ओरडल्या, "अहो!" मग सगळी बसच ओरडू लागली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. हे धापा टाकत, हसत चढले.

"अहो?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो, मीच अहो!"

उतरताना आजींनी माझा हात ह्यांच्या हातात घट्ट दिला. आई, लग्नात बाबांनी दिला होता ना, अगदी तसाच.

तुझी,
पाठीवर बिऱ्हाड घेतलेली लेक