हत्तीचं बेअरिंग

३ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. कॉलेजला माझी किंमत कळली नाही, लष्कराला कळेल. हँगरमधल्या अवजड हेलिकॉप्टरला सगळे 'हत्ती' म्हणतात. म्हणे तोफा उचलतो. सध्या स्वतःलाही उचलत नाही, कारण गिअरबॉक्सचं एक बेअरिंग वर्षभर येतंच आहे. मी स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये मदतनीस. मामा स्टोअरकीपर. राहतोही मामाकडेच. तो समजतो, मी खोकी उचलायला आलोय. मी आलोय हत्तीचं डिझाइन सुधारायला. इतक्यात सांगत नाही, धक्का बसेल.

५ मार्च
सकाळी संकल्प: राग आवरणे, प्रेमात न पडणे.
दुपारी पार्ट तपासणारी मॅडम आली. दुसरा संकल्प जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला होता, हेही काही कमी नाही. ती म्हणाली, शिडीवरून उतर, मला शिडी हवी आहे. आवाजात ओलावा होता.

७ मार्च
फोरमनला सुचवलं, सात पात्यांऐवजी आठ लावा, हत्ती जास्त वजन उचलेल. त्याने विचारलं, शिक्षण किती. मी त्याची अक्कल काढली. मामाने मला न विचारता माझ्या वतीने माफी मागितली. राग सोमवारपासून आवरणार.

१० मार्च, सोमवार
बेअरिंग आलं. त्या गडबडीत राग आवरायचा राहून गेला.
शुक्रवारी मॅडम तपासणार, मग हत्ती उडणार. मामा उन्हाळ्यात रिटायर होतोय. त्याआधी एकदा याला हवेत बघायचंय, म्हणाला. मग तेच पालुपद: सील उघडू नकोस, ग्रीस पुसू नकोस, उघड्या हाताने शिवू नकोस, घामाने गंज चढतो. एवढ्या पोलादाला माझा घाम बाधणार! म्हातारपणी माणूस भित्रा होतो.

११ मार्च
मामा दाताच्या डॉक्टरकडे. बेअरिंगच्या पाकिटाचं सील उघडलं. आत पिवळं, चिकट ग्रीस. ती बघायला येणार आणि हे असं बिनअंघोळीचं बसणार? रुमालाने पुसलं, हाताने चोळलं. लखलखलं. त्यात माझा चेहरा आरशातल्यापेक्षा बरा दिसला. पाकीट पुन्हा चिकटवलं. शुक्रवारी ती विचारेल, इतकं निगुतीनं कोणी ठेवलं? मी गप्प राहीन. शोभून दिसतं.

१४ मार्च, शुक्रवार
तिने विचारलं. शब्द थोडे वेगळे होते: याला हात कोणी लावला?
बेअरिंगवर तपकिरी ठसे. गंज. मी ठरल्याप्रमाणे गप्प. मामा पुढे होऊन म्हणाला, माझ्याकडून झालं. तिने भिंग लावलं. एका ठशात आडवी चीर होती. मग तिने माझा हात हातात घेतला. सगळ्यांसमोर! अंगठ्यावरची लहानपणची चीर नीट बघितली. इतक्या बारकाईनं मला आजवर कोणी बघितलं नव्हतं. ग्लोव्हज होते, पण चालायचंच.
मग म्हणाली, हे भंगारात. दुसरं यायला पुन्हा वर्ष.
मामा खाली बसला.

१७ मार्च, सोमवार
नोकरी गेली. तशी मी सोडणारच होतो. बाबांचा फोन: कॉलेजची चौकशी केली आहे.
मामा तीन दिवस काही बोललेला नाही. आज पेपर वाचायला बसला आणि चष्मा मागितला. म्हटलं, विसरला सगळं. काचा धुरकट होत्या, शर्टाला पुसायला घेतल्या.
म्हणाला, पुसू नकोस. तिथेच ठेव.